बागेतली जुनी घसरगुंडी मोडीत काढण्यापूर्वी काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात आपल्या शाळेजवळ महापालिकेची बाग आहे. तिच्या एका कोपऱ्यात चार झोपाळ्यांची चौकट, लोखंडी घसरगुंडी, पाइपांचा चढायचा पिंजरा, हाताने फिरवायची चक्री आणि सिमेंटचा हत्ती आहे. हे सारे काढून तेथे रंगीत प्लास्टिकची खेळणी बसणार असल्याचे आपल्याला कळले आहे. ही खेळणी किती जुनी असावीत, बागेत मुलांसाठी वेगळा कोपरा राखण्याची रीत मुळात कोठून आली आणि यातले काही वाचवण्यासाठी आग्रह धरावा का, असे आपण विचारले आहे. आपण शिक्षिका आहात आणि या कोपऱ्याचा इतिहास सातवीच्या मुलांकडून लिहून घेण्याचा आपला विचार आहे.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत मी चौतीस वर्षे बागांची खेळणी तयार करण्याचे, बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले आणि गेली काही वर्षे फक्त तपासणी करतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे : हत्ती राखावा, झोपाळ्यांची चौकट तपासून राखता आली तर राखावी, चक्री जाऊ द्यावी. परंतु आपण ज्या गोष्टीबद्दल विचारलेले नाही तिच्याकडे, म्हणजे या सर्व खेळण्यांखालच्या जमिनीकडे, सर्वांत आधी पाहावे. मुलांच्या क्रीडांगणाचा इतिहास मी त्या जमिनीपासूनच वाचत आलो आहे.

बागेत लोखंडी खेळणी येण्यापूर्वी आपल्याकडची मुले खेळत नव्हती असे नाही. नागपंचमीला झाडाच्या फांदीला झोके बांधले जात, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर राहाटपाळणे आणि चक्र्या येत, तशा त्या आजही येतात. मात्र नागपंचमीचा झोका वर्षातून एकदाच मिळे आणि यात्रेतल्या पाळण्याला पैसे पडत. बागेतल्या झोपाळ्याचे नवेपण एवढेच की तो रोजचा होता, फुकट होता आणि कोणत्याही घरच्या मुलाला त्यावर बसता येत होते. पूर्व भागात एका खोलीत माग आणि त्याच खोलीत संसार अशी असंख्य घरे होती. मागाची खटखट पहाटेपासून सुरू असलेल्या त्या घरांतल्या मुलांना अशा जागेची गरज किती होती हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ही कल्पना प्रथम रुजली तीही आपल्यासारख्याच एका गिरणगावात. कापडगिरण्यांच्या मँचेस्टर शहरात १८४६ साली लोकवर्गणीतून सार्वजनिक बागा खुल्या झाल्या आणि त्यांत झोपाळे व कसरतीची साधने ठेवलेली होती, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. सोलापुरात ‘जुनी गिरणी’ सुरू झाली ती १८७७ साली. त्या काळी हिंदुस्थानातील गिरण्यांची यंत्रे बहुतांशी मँचेस्टरच्याच परिसरातून, लँकेशायरमधून येत. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी बागेत कोपरा राखावा हा विचार मात्र यंत्रांसोबत आला नाही, त्याला आणखी बरीच वर्षे लागली.

अमेरिकेतला आरंभ मला अधिक बोलका वाटतो. १८८५ साली बोस्टनमध्ये गरीब वस्तीतील एका प्रार्थनागृहाच्या आवारात मुलांसाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला. बर्लिनमध्ये असे वाळूचे ढीग पाहिलेल्या मारी झाक्रझेव्हस्का या महिला डॉक्टरांनी ही सूचना केली होती. तेथे झोपाळा नव्हता, घसरगुंडी नव्हती, होती ती केवळ मऊ जमीन. त्यानंतर १८८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये विल्यम शॅरन यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून खास मुलांसाठी जागा उभी राहिली. तेथे दगडी इमारत होती, मुलांना बसवून फिरवणाऱ्या बोकडांच्या गाड्या होत्या. सार्वजनिक बागेतील अमेरिकेचे पहिले क्रीडांगण म्हणून तिचे नाव घेतले जाते. १९०३ साली न्यूयॉर्कच्या सीवर्ड पार्कमध्ये नगरपालिकेने स्वतःच्या खर्चाने कायमचे क्रीडांगण केले. पुढे याच शहरांत वाळू मागे पडली आणि १९३० च्या दशकात शेकडो क्रीडांगणांवर डांबर अंथरले गेले, कारण डांबर झाडायला सोपे असते. मुलांच्या पायाखालून मऊ जमीन काढून घेण्याचे कारण जगभर हेच राहिले आहे, आणि आपल्याकडेही तेच घडले. त्याकडे मी पुढे येतो.

आता आपल्या बागेतील एकेक वस्तू घेऊ.

झोपाळ्यांच्या चौकटीचे सांधे प्रथम पाहावेत. पाइप एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले आहेत, की नळकामात वापरतात तसे आट्यांचे एल्बो आणि टी लावलेले आहेत? आट्यांची जोडणी असेल तर ती चौकट वेल्डिंगची यंत्रे गल्लोगल्ली पोहोचण्यापूर्वीची, नळकाम करणाऱ्या फिटरने केलेली असण्याचा संभव मोठा आहे. त्यानंतर बोल्ट पाहावेत. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण कारखान्यांत जुनी इंची मापे पुढे बरीच वर्षे चालत राहिली. आमच्या पिढीचे कारागीर आजही जाडी सुतात सांगतात, आठ सूत म्हणजे एक इंच. जुन्या बोल्टाचे आटे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची पद्धतीचे असतात आणि त्याच्या डोक्याला मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, एक तर सैल होतो किंवा शिरतच नाही. फक्त हे लक्षात असू द्यावे की हाताशी असलेले बोल्ट वारंवार बदललेले असतात. जे बोल्ट कोणी उघडले नसतील तेच खरे वय सांगतात, म्हणून खांबाच्या तळपट्टीचे, अर्धे मातीत गेलेले बोल्ट पाहावेत.

झोपाळ्याच्या कडीकडे मी नेहमी सर्वांत जास्त वेळ थांबतो. वरच्या आडव्या पाइपला असलेल्या हुकात साखळीची पहिली कडी अडकलेली असते आणि दोन्ही एकमेकांना झिजवत राहतात. खालून पाहिल्यास काही दिसत नाही. शिडी लावून वर जावे, कडी बाजूला सरकवावी, मग हुकाच्या पोटात चकचकीत खाच दिसते, बाकी सर्व हुक गंजलेला आणि ती खाच मात्र चांदीसारखी, कारण तेथे लोखंड रोज घासले जाते. एकदा १२ मिलिमीटर जाडीच्या हुकावर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचे साधन, लावला तेव्हा खाचेत केवळ ६ मिलिमीटर लोखंड शिल्लक होते, आणि त्याच झोपाळ्यावर त्या सकाळी मुले बसली होती. ही झीज म्हणजे त्या बागेचा एक अस्सल दस्तऐवज आहे. कोणता झोपाळा मुलांना सर्वाधिक आवडतो हे कोणत्याही नोंदवहीत नसते, ते चार हुकांच्या खाचा शेजारीशेजारी मोजल्या की कळते. बहुधा सावलीकडचा झोपाळा सर्वांत जास्त झिजलेला निघतो.

झोपाळ्याखालचा खळगाही पाहावा. पायाने रेटा देऊन आणि पाय घासून थांबून मुलांनी तो खणलेला असतो. खांबाभोवतीचे काँक्रीट मूळ जमिनीच्या वर किती उघडे पडले आहे ते मोजले तर किती माती गेली याचा अंदाज येतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत खांब थोडे कललेलेही दिसतील. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खाली मुरूम भरून पाया खोल घेतला नसेल तर चौकट दरवर्षी थोडी थोडी हलते.

लोखंडी घसरगुंडीची परंपरा बरीचशी इंग्लंडमधील केटरिंग गावच्या चार्ल्स विक्स्टीड या यंत्रनिर्मात्याकडे जाते. त्यांनी १९२१ साली खुल्या केलेल्या बागेत मुलांच्या एका मेळाव्यासाठी लाकडी खांब साखळ्यांनी बांधून झोपाळे उभे केले होते. तात्पुरत्या सोयीसाठी बांधलेले ते झोपाळे मुलांच्या गर्दीमुळे कायम झाले. घसरगुंडी आली ती आधी लाकडी फळ्यांची. पुढे त्यांच्या कारखान्यातून झोपाळे आणि घसरगुंड्या देशोदेशी गेल्या, आणि आपल्याकडच्या कारागिरांनी असे नमुने पाहून आपल्या पद्धतीने तयार केले. पण घसरण्याचा खेळ त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शाळेतल्या मुलांच्या घरातच आहे. घसरगुंडीला तेलुगूत ‘जारुडु बंड’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘जारुबंडे’. दोन्हींचा अर्थ घसरायचा खडक. पत्रा वाकवण्याआधी मुले खडकावरून घसरत होती हे या दोन शब्दांत जपले गेले आहे, आणि मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात ते मुलांना त्यांच्याच आजीकडून कळू शकते.

पाइपांच्या पिंजऱ्याची हकिकत मुलांना गणिताच्या तासाला सांगण्यासारखी आहे. चार्ल्स हिंटन हे गणितज्ञ जपानमध्ये असताना त्यांनी मुलांना अवकाशातील दिशा अंगाने समजाव्यात म्हणून बांबूंची चौकट बांधली होती. गणित मुलांच्या किती लक्षात राहिले ते असो, चढण्याचा आनंद त्यांचे चिरंजीव सेबॅस्टियन यांच्या लक्षात राहिला आणि त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लोखंडी पाइपांचा ‘जंगल जिम’ तयार करून १९२० च्या दशकात त्याचे पेटंट घेतले. आपल्या बागेतला पिंजरा त्याच कुळातला आहे. परंतु जुन्या पिंजऱ्यांत एक दोष असतो, तो म्हणजे आडव्या-उभ्या पाइपांमधील अंतर. सुमारे ९ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या आणि २३ सेंटिमीटरपेक्षा लहान फटीतून लहान मुलाचे धड पाय आधी घालून निसटते आणि डोके अडकते. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक ९ आणि एक २३ सेंटिमीटर व्यासाची, कापून घ्याव्यात. जेथे लहान चकती आत जाते आणि मोठी जात नाही, ती फट धोक्याची. हे काम मुले स्वतः आनंदाने करतील.

चक्रीबद्दल माझे मत कठोर आहे. ती मुलांची सर्वांत लाडकी असते हे मला ठाऊक आहे, आणि यात्रेतल्या चक्रीची आठवण तिच्याशी जोडलेली असल्याने मोठ्यांनाही ती जाताना वाईट वाटते. पण जुन्या चक्रीची फळी आणि जमीन यांच्यामध्ये जी पोकळी असते तिच्यात पाय जातो, बेअरिंग झिजले की फळी एका बाजूला कलते, आणि मुलींच्या ओढणीचे टोक मधल्या दांड्यात गुंतण्याचा धोका असतो. तिची छायाचित्रे काढावीत, मापे घ्यावीत, आणि तिला निरोप द्यावा.

हत्तीची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कोणत्याही कारखान्यात झालेला नाही. सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर हाताने थापलेले सिमेंट, आणि सोंडेच्या घसरगुंडीवर मोझॅक, ज्यावर फरशी घासणारे कारागीर बसून दगडाने तासन्‌तास पाणी टाकत घासत, अशी ती रीत होती. मुंबईच्या कमला नेहरू पार्कमधले म्हातारीच्या बुटाचे घर १९५० च्या दशकातले. पुण्याच्या पेशवे पार्कमध्ये फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ साली धावू लागली. स्वातंत्र्यानंतरच्या त्या दशकांत मुलांचा विचार करून बागा सजवण्याचा उत्साह महाराष्ट्रभर होता. त्याआधी १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून खेळ हेच लहान मुलाचे काम आहे हा विचार सुशिक्षित घरांत पोहोचवला होता, त्याचेही हे फळ म्हणावे लागेल. सोलापुरात १९६४ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. माझ्या पाहण्यातील बहुतेक सिमेंटचे प्राणी त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांतले आहेत.

आपल्या हत्तीचे वय ठरवायचे असेल तर त्याची जखम शोधावी. पोटाखाली किंवा पायाजवळ कोठेतरी सिमेंट फुटून सळई उघडी पडलेली असेलच. सळई साधी गोल आणि गुळगुळीत असेल तर हत्ती साधारणपणे सत्तरच्या दशकातला किंवा त्याआधीचा. दोरीसारखा पीळ दिलेली टॉर सळई असेल तर सत्तर-ऐंशीच्या सुमाराचा. आणि हल्लीची, पीळ नसलेली पण अंगावर कंगोरे असलेली टीएमटी सळई असेल तर तो नव्वदनंतरचा किंवा नंतर डागडुजी केलेला. एवढ्या एका निरीक्षणाने चार-पाच वर्षांपर्यंत नव्हे, पण दशकापर्यंत पोहोचता येते.

रंगाच्या थरांवरूनही बरेच कळते. घसरगुंडीच्या शिडीच्या एका पायरीवर ओला सँडपेपर तिरका घासला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात, वरचा पिवळा, खाली निळा, खाली चंदेरी, सर्वांत खाली रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा थर. मात्र हे काम मुलांना करू देऊ नये. जुन्या रंगांत शिसे भरपूर असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा प्रत्यक्ष लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. मोठ्या माणसाने, तोंडाला फडके बांधून, पाणी लावूनच घासावे आणि तो चिखल पुसून दूर टाकावा.

आता जमिनीकडे येतो. नव्वदच्या दशकात एका ठिकाणी आम्ही झोपाळे बसवले. पावसाळ्यात खळग्यात पाणी साचते, चिखल होतो, लोक तक्रार करतात, म्हणून झोपाळ्यांखाली सिमेंटचा कोबा करून द्यावा असे मला सांगण्यात आले, आणि मी तो करून दिला. महिना झाला नसेल, सात वर्षांचा एक मुलगा पुढच्या झोक्यात निसटून त्या कोब्यावर पडला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. सांगणारे कोण होते याला महत्त्व नाही, कोबा माझ्या माणसांनी माझ्या सांगण्यावरून केला होता. पुढच्या आठवड्यात मी तो स्वखर्चाने फोडला. त्यानंतर कठीण जमिनीवर मी एकही खेळणे बसवलेले नाही, काही कामे त्यामुळे हातची गेली.

हिशेब साधा आहे. २ मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. कोब्यावर तो वेग क्षणार्धात शून्य होतो आणि सारा आघात हाडांना सोसावा लागतो. ३० सेंटिमीटर सैल वाळूत तोच आघात वाळूचे कण बाजूला सरकण्यात खर्ची पडतो. युरोपातील मानकांनुसार २ मीटरपर्यंतच्या उंचीसाठी वाळूचा थर २० सेंटिमीटर हवा आणि पायांनी वाळू उडते म्हणून वर आणखी १० सेंटिमीटर धरावेत. ३ मीटरपेक्षा उंच जागेवरून पडण्याची शक्यताच खेळण्यात ठेवू नये असे तीच मानके सांगतात. अमेरिकेने १९८१ साली सार्वजनिक क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची पुस्तिका काढली आणि डांबर जाऊन हळूहळू पुन्हा मऊ जमीन आली, म्हणजे बोस्टनच्या वाळूच्या ढिगापासून निघून शंभर वर्षांनी ते तेथेच परतले. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून तीन दशकांत सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे केली. त्यांतल्या बहुतेकांत वाळूचा हौद, कसरतीच्या काही साध्या कमानी आणि बाक यांपलीकडे फारसे काही नव्हते.

मला खंत वाटते ती याची की ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. आपल्या प्रत्येक तालमीत कुस्तीच्या मातीचा हौदा असतो. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात, आणि पैलवान उतरण्यापूर्वी रोज ती खोऱ्याने खणून भुसभुशीत करतात, कारण पडणारा माणूस कोठे पडणार आहे याचा विचार वस्तादाने आधी केलेला असतो. ज्या गावात हे ज्ञान गल्लीगल्लीत होते त्या गावात आपण सहा वर्षांच्या मुलांखाली कोबा केला.

नव्या खेळण्यांबरोबर बहुधा काळ्या किंवा लाल रबराच्या लाद्या सुचवल्या जातील. रबर आघात शोषते हे खरे आहे, पण सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३–४४ अंशांवर असताना उघड्यावरची रबराची लादी अनवाणी पायाला सोसत नाही, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ती कडक होऊन कडा उचलू लागते. आपल्या हवेत झाडाच्या सावलीतली वाळू अधिक चांगली, तिला आठवड्यातून एकदा फावड्याने सारखे करणारा माणूस मात्र हवा. पत्र्याची किंवा प्लास्टिकची कोणतीही घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून बसवावी. पश्चिमेकडे तोंड असलेली घसरगुंडी मुलांच्या खेळण्याच्या वेळेलाच, चार ते सहाच्या दरम्यान, सर्वांत तापलेली असते. बागेतल्या कडुनिंबाची किंवा करंजाची सावली दुपारी चार वाजता कोठे पडते ते खडूने जमिनीवर आखून घ्यावे आणि खेळणी तेथे मागावीत. नव्या खेळण्यांच्या पायासाठी झाडाची मुळे तोडली जाणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पाइप पुन्हा आणता येतो, चाळीस वर्षांचा कडुनिंब आणता येत नाही.

प्लास्टिकच्या खेळण्यांना माझा विरोध नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अमृत या शहरसुधारणेच्या योजनेत बागांसाठी वेगळा निधी राखला गेला, २०१६ च्या जानेवारीत सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आले, आणि अशी खेळणी शहराशहरांत पोहोचली. लहान मुलांसाठी ती जुन्या लोखंडापेक्षा सुरक्षित आहेत. एवढेच, की उन्हापासून बचाव करणारे द्रव्य त्या प्लास्टिकमध्ये मिसळले आहे का ते निविदेतच लिहून घ्यावे. वर्षभरात हाताला खडूसारखा रंग लागू लागला तर ते मिसळलेले नव्हते असे समजावे.

कागदपत्रांचा शोध कसा घ्यावा हेही सांगतो. उद्यान विभागाकडे डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाची, नोंदवही असते, तिच्यात खेळणे केव्हा आले आणि केव्हा निर्लेखित झाले, म्हणजे यादीतून काढले गेले, ते सापडते. बांधकामाच्या मोजमाप पुस्तिकेत हत्तीला किती सिमेंट लागले तेही मिळू शकते. महापालिका सभेचे ठराव पाहावेत. यासाठी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विकास आराखड्यात त्या भूखंडावर ‘उद्यान’ असे आरक्षण आहे की ‘खेळाचे मैदान’, हे अवश्य पाहावे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील ते आरक्षणच त्या जागेचे खरे रक्षण करते. जुन्या वृत्तपत्रांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारणा करावी.

पण सर्वांत चांगला पुरावा घरांतल्या छायाचित्रांत सापडेल. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या कुटुंबांकडेही एखादे तरी चित्र बागेतले असते, कारण सुट्टीच्या दिवशी मुलांना नवे कपडे घालून नेण्याची ती जागा होती. मुलांना सांगावे की चित्रातल्या माणसांकडे नको, त्यांच्या मागे पाहा : हत्तीचा रंग कोणता, झोपाळ्याची फळी लाकडी की रबरी, जमीन मातीची की कोब्याची, झाड किती उंच. मागे तारीख लिहिलेली नसली तरी चित्रातल्या तान्ह्या बाळाचे आजचे वय विचारले की वर्ष निघते. आजीआजोबांच्या मुलाखती त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगू किंवा कन्नडमध्ये, घेऊ द्याव्यात आणि मग मराठीत उतरवाव्यात.

हत्तीसाठी अर्ज करताना गोल्डन गेट पार्कचा दाखला द्यावा. तेथील क्रीडांगणाचे २००७ साली पूर्ण नूतनीकरण झाले, सर्व साधने नवी आली, पण काँक्रीटची जुनी घसरगुंडी राखली गेली आणि मुले आजही पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन तिच्यावरून घसरतात, जशी आपल्याकडची मुले जुन्या चादरीचा तुकडा घेऊन सोंडेवरून घसरतात. अर्जात मागणी नेमकी असावी : उघड्या सळया घासून, गंजरोधक लावून पुन्हा थापणे, सोंडेचा सरासरी उतार ४० अंशांच्या आत आहे का ते मोजणे, सोंडेचे टोक जमिनीला समांतर होईल असे वाढवणे, पाठीवरच्या कठड्याची उंची वाढवणे, आणि टोकापुढे २ मीटरपर्यंत वाळू. हे काम नव्या प्लास्टिकच्या एका संचाच्या तुलनेत अल्प खर्चाचे आहे.

आणि हे सर्व मोडकाम सुरू होण्याआधी करावे लागेल. गॅस कटर घेऊन माणसे आली की तासाभरात चौकट भंगारच्या गाडीत जाते. तेव्हा येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, मुलांना घेऊन जावे, मोजपट्टी, खडू, पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आणि वही सोबत ठेवावी, आणि प्रत्येक खेळण्याची उंची, पाइपचा घेर, पायऱ्यांची संख्या आणि खळग्याची खोली लिहून घ्यावी. कमानीवर किंवा बाकावर देणगीदाराच्या नावाची पाटी असेल तर तिच्यावर पीठ चोळावे, पुसट झालेली अक्षरे वर येतात. हुकांची झीज मोजण्यासाठी शिडी लागेल. ती आणि कॅलिपर घेऊन मी स्वतः येईन.